जुना हॉट टब : पाण्याला जोर नाही, हीटर चालू राहत नाही (नाशिक)

गिरणारे_रोड (धागाकर्ता)

मंडळी, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळचं एक छोटं रिसॉर्ट बंद झालं. त्यांचं सामान विक्रीला निघालं होतं, त्यातला पाच माणसांचा हॉट टब मी घेतला आणि मळ्यात घरामागच्या ओट्यावर बसवला. हौसेपेक्षा गरज जास्त आहे. वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत, थंडीत सकाळी उठून उभं राहणं त्यांना जड जातं. फिजिओने कोमट पाण्यात बसून पाय हलवायचे व्यायाम सांगितलेत. डिसेंबर तोंडावर आलाय म्हणून घाई आहे.

टब अमेरिकन बनावटीचा, साधारण १५०० लिटर पाणी बसतं. पंप सुरू होतो, जेटमधून पाणी येतं, पण त्यात दम नाही. हीटरचा दिवा लागतो, काही मिनिटांत विझतो आणि पडद्यावर एफएलओ अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागतात. पाणी २७-२८ अंशांच्या वर जातच नाही, पहाटे बघावं तर पुन्हा खाली.

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो हीटर गेला, नवीन टाका. विकणाऱ्याचा माणूस म्हणतो पंप गेला. दोघांचं ऐकलं तर आणखी एक टब येईल एवढा खर्च आहे. आधी नेमकं काय तपासावं? कुणी असा टब वापरलाय किंवा उघडून पाहिलाय का?

अनिवासी_नाशिककर

मी मूळ पंचवटीचा, सध्या मिनेसोटात. अंगणात टब आहे आणि हिवाळ्यात उणे वीसमध्ये तो चालू ठेवावा लागतो, त्यामुळे हे प्रकरण अंगवळणी पडलंय.

एफएलओ म्हणजे फ्लो, पाण्याचा प्रवाह. हीटरच्या नळीतून पुरेसं पाणी जात नाही असं कंट्रोलरला वाटतंय आणि म्हणून तो हीटर बंद करतोय. हीटर बिघडला असं तो अजिबात म्हणत नाहीये. नळीत पाणी थांबलं आणि पाच किलोवॅटचा एलिमेंट तापत राहिला तर नळी वितळते, म्हणून ही सोय. तेव्हा 'जोर नाही' आणि 'हीटर टिकत नाही' हे तुम्ही दोन आजार समजताय, मला तो एकच वाटतो. हीटरला हात लावायच्या आधी पाण्याचा मार्ग मोकळा करा.

पहिली तपासणी फुकटातली आहे. फिल्टरचं कार्ट्रिज काढून बाजूला ठेवा आणि तसाच पंप चालवा. कोड गेला तर फिल्टर चोंदलाय. बाहेरून पांढराशुभ्र दिसणारा फिल्टरसुद्धा आतून तेलकट लेपाने बंद झालेला असतो. मात्र तपासणीपुरतंच हं, फिल्टरशिवाय रोज चालवू नका.

निफाडचा_गारठा

आमच्याकडे यंदाही पारा घसरायला लागलाय. दादा, टब दुरुस्त होईपर्यंत वडिलांसाठी तांब्याचा बंब पेटवा. त्याला कोड येत नाही, फक्त जळण लागतं!

तरणतलाव

नाशिक परिसरातल्या बंगल्यांच्या नि हॉटेलांच्या पूलची देखभाल करतो, अधूनमधून जकूझी पण हातात येतात. अनिवासीभाऊंशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

एक, टब हलवून आणलाय म्हणजे पाइप पूर्ण रिकामे झाले होते. वरून बादलीने किंवा टँकरच्या पाइपने भरला असेल तर पंपात हवा अडकून राहते. पुढच्या वेळी पाइपचं तोंड फिल्टरच्या खड्ड्यात धरून भरा, म्हणजे पाणी आतून चढतं आणि हवा पुढे ढकलली जाते. आत्ता भरलेला आहे तर मेन स्विच बंद करा, पंपाच्या डोक्यावरचं युनियन (पाइप जोडणारा आट्याचा सांधा) अर्धा आटा सैल करा. फस् करून हवा निघेल, पाणी यायला लागलं की आवळा. रबरी रिंग सरकू देऊ नका.

दोन, पंपाच्या दोन्ही बाजूंना आणि बहुतेक वेळा हीटरच्या पलीकडे सरकपट्टीचे व्हॉल्व असतात. उचलून आणताना मजुरांचा हात लागून ते खाली सरकतात. दांडा पूर्ण वर आहे का बघा. क्लिप नसेल तर कंपनाने तो आपोआप खाली येतो.

आणि कव्हर उघडायच्या आधी एमसीबी पाडा. ओल्या ओट्यावर ओल्या पायाने कुणीही आत हात घालायचा नाही.

गिरणारे_रोड

धन्यवाद मंडळी. फिल्टर काढून चालवला. पाणी किंचित वाढलं, कोड जरा उशिरा आला, पण आला. युनियन सैल केल्यावर हवा बरीच निघाली. आणि तरणतलाव, तुमचं अगदी बरोबर निघालं, हीटरच्या पुढचा व्हॉल्व निम्मा खाली होता. वर करून केबल टायने बांधलाय. जेट आता बरे आहेत, पाठीला लागतात. तरीही एफएलओ येतोच आहे, विशेषतः रात्री टब नुसता तापायला लावून ठेवला की.

मनमाडकर

माफ करा, पण मला हे वाचून त्रास होतोय. आमच्या मनमाडला नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहण्यात आयुष्य गेलं. आई पिंपावर पिंप भरून ठेवायची. आणि इथे १५०० लिटर पाणी बसायला. वडिलांच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी पण चालते.

गिरणारे_रोड

@मनमाडकर, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. पाण्याची किंमत आम्हालाही आहे, उन्हाळ्यात आमची विहीरही तळाला जाते. पण पिशवीने शेक मिळतो, व्यायाम होत नाही. पाण्यात शरीराचा भार गुडघ्यावर येत नाही म्हणून वडील पाय हलवू शकतात, जमिनीवर त्यांना ते जमत नाही. आणि हे पाणी रोज बदलायचं नसतं.

तरणतलाव

नीट क्लोरीन ठेवलं, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये राखला, तर तेच पाणी तीन-चार महिने चालतं. बदलायच्या आधी काही दिवस क्लोरीन घालणं बंद करा, कव्हर उघडं ठेवा, उन्हाने क्लोरीन उडून जातं. मग झाडांना द्या. पट्टीने तपासून शून्य आल्यावरच द्या, आणि कोवळ्या द्राक्षवेलींना नको, आंबा-नारळाला चालेल. महिन्याला हिशोब केला तर एका माणसाच्या रोजच्या शॉवरपेक्षा कमी पाणी जातं.

मनमाडकर

असं असेल तर माझी तक्रार मागे. वडिलांना बरं वाटो.

कॉइल_सातपूर

धागा उशिरा पाहिला. मोटर रिवाइंडिंग करतो, सातपूरला. कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो: पंपाच्या मोटरवर जी पाटी आहे ती वाचली का? तिच्यावर हर्ट्झ किती लिहिलंय, ५० की ६०? आरपीएम किती? आणि दुसरं, पंप दोन स्पीडचा असेल. जेट जोरात चालू असताना, म्हणजे हाय स्पीडवर, तो कोड जातो का? का फक्त लो स्पीडवर येतो?

गिरणारे_रोड

पाटीचा फोटो काढून मोठा करून वाचला. २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आरपीएम ३४५० आणि १७२५. दोन स्पीडचाच आहे. आणि हो, हाय स्पीडवर ठेवला की कोड येत नाही! पण हीटर चालतो तेव्हा तो आपोआप लो वर जातो.

कॉइल_सातपूर

मग सापडलं. पंप गेलेला नाही, हीटरही बहुधा गेलेला नाही. पंप परदेशी आहे एवढंच.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. इंडक्शन मोटर किती फेरे मारणार हे व्होल्टेजवर कमी आणि फ्रिक्वेन्सीवर जास्त ठरतं. ६० वर ३४५० मारणारी मोटर इथे साधारण २८७५ मारते, १७२५ वाली साधारण १४४०. म्हणजे सहाचे पाच भाग. पाण्याचं प्रमाण त्याच हिशोबात उतरतं, ८३ टक्के. पण दाब फेऱ्यांच्या वर्गाने उतरतो, तो ६९ टक्क्यांवर येतो. जवळजवळ एक तृतीयांश दाब इथे पाय ठेवताच गेला.

हीटरच्या नळीवर एक छोटा प्रेशर स्विच बसवलेला असतो, तोच हीटरला परवानगी देतो. तो फार थोड्या दाबावर जुळतो, पण लो स्पीडवर मुळात दाबच थोडा. त्यातून तिसरा हिस्सा गेला, वर फिल्टर जरासा मळला, व्हॉल्व जरासा उतरला, की स्विच सुटतो. हाय स्पीडवर दाब भरपूर म्हणून तिथे कोड नाही. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. रिसॉर्टवाल्यांकडेही हे असंच चालत असणार, ते बहुधा सतत जेट लावून ठेवत असतील.

अंबड_फिटर

एवढं शास्त्र कशाला? प्रेशर स्विचच्या दोन वायरी काढा, एकमेकींना जोडून टाका. कोड गेला, हीटर सुरू. आम्ही बॉयलरच्या किती स्विचना असं केलंय.

अनिवासी_नाशिककर

@अंबड_फिटर, कृपया हा सल्ला मागे घ्या. तपासणीपुरतं, समोर उभं राहून मिनिटभर वायरी जोडणं वेगळं. त्यातून स्विच खराब आहे की प्रवाह कमी आहे ते कळतं. पण तसंच ठेवायचं म्हणजे ज्या दिवशी फिल्टर चोंदेल किंवा पंप अडकेल त्या दिवशी एलिमेंट कोरडा तापणार. आत एक वृद्ध माणूस बसलेला असेल.

कॉइल_सातपूर

फिटरभाऊ, तुम्ही केलंय ते नशीब चांगलं म्हणून निभावलं. बॉयलरला दुसरा सेफ्टी व्हॉल्व असतो. इथे हा स्विच आणि वरच्या तापमानाचा सेन्सर एवढेच दोन राखणदार. त्यातला एक झोपवू नका.

अंबड_फिटर

ठीक आहे, मान्य. माणूस आत बसतो हे डोक्यात घेतलं नव्हतं. गिरणारेदादा, माझा प्रतिसाद सोडून द्या.

अनिवासी_नाशिककर

आणखी एक अमेरिकन भानगड. इथलं २४० म्हणजे दोन फेज वायरींमधलं. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०. टबात बऱ्याचदा ओझोनेटर (ओझोन वायू सोडून पाणी शुद्ध करणारं यंत्र), कधी दिवा किंवा छोटा पंप १२० वर चालतो. तुमच्या इलेक्ट्रिशियनने वायरी कशा जोडल्यात? पांढरी वायर कुठे गेली?

गिरणारे_रोड

लाल वायरला आपला फेज, काळ्याला न्यूट्रल, हिरव्याला अर्थिंग. पांढरी मोकळी सोडून टेप मारलीय. ओझोनेटर चालत नाही.

अनिवासी_नाशिककर

उत्तम, तिला मोकळीच राहू द्या. कुणी हुशारी करून पांढरी वायर आपल्या न्यूट्रलला जोडली, तर १२० च्या भागांना थेट २३० मिळतील आणि बोर्डासकट धूर निघेल. तुमच्या इलेक्ट्रिशियनने हे काम व्यवस्थित केलंय.

शुभदा_गंगापूररोड

अवांतर लिहिते, पण या धाग्यावर ते शोभेल. 'जकूझी' हे एका इटालियन कुटुंबाचं आडनाव आहे. भाऊ-भाऊ कॅलिफोर्नियात गेले, आधी विमानाचे पंखे बनवले, मग १९२० च्या दशकात विहिरीचे जेट पंप. म्हणजे शेतकऱ्यांना पंप विकणारं घराणं! त्यातल्या कँडिडो यांच्या लहान मुलाला संधिवात होता. दवाखान्यातले पाण्याचे उपचार त्याला घरीच मिळावेत म्हणून वडिलांनी न्हाणीघराच्या टबात सोडायचा पंप तयार केला, १९५६ मध्ये तो बाजारात आला. पंपासकट आख्खा टब त्यानंतर १९६८ मध्ये. त्यामुळे मळ्यात, सांधेदुखीसाठी, पंपाशी झटापट चालू आहे हे वाचून मला फार आपलंसं वाटलं. तिकडे बापाने मुलासाठी केलं, इथे मुलगा बापासाठी करतोय.

गिरणारे_रोड

शुभदाताई, वडिलांना वाचून दाखवलं. "जेट पंपवाले होय?" एवढंच म्हणाले, पण खूश झाले. आमच्या विहिरीवर त्यांनी स्वतः बसवलेला जेट पंप कित्येक वर्षं चालला.

वायरमन_काका_निवृत्त

वीजखात्यात आयुष्य गेलं, आता ओझरला असतो. तुम्ही सगळे पंपाच्या मागे आहात ते बरोबर, पण 'पाणी २८ च्या वर जात नाही' यात विजेचाही वाटा असेल. मला तीन आकडे द्या. मेन बंद करून, हीटरच्या दोन्ही टोकांच्या वायरी काढून एलिमेंटचा ओहम. हीटर चालू असताना टबाजवळचं व्होल्टेज. त्याच वेळी मीटरपेटीजवळचं व्होल्टेज. शिवाय वायर कोणत्या साइजची आणि किती लांब. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, स्वतः नको.

गिरणारे_रोड

काल सगळं उघडलं. तरणतलाव यांनी फोनवर समजावलं तसं पंपाचं पुढचं डोकं खोललं. इंपेलरच्या तोंडात द्राक्षाच्या वाळलेल्या काड्या, केसांचा गुंता आणि एक काळा रबरबँड, सगळं एकमेकांत पिळून दोरीसारखं झालेलं. चिमट्याने ओढून काढलं तर ते तुटेचना, शेवटी ब्लेडने कापून तुकड्या-तुकड्याने काढलं. इंपेलरची सहा तोंडं आहेत, त्यातली दोन पूर्ण बंद होती.

हीटरची नळीही उघडली. एलिमेंटवर क्षाराचा पांढरट-पिवळा थर आहे, नखाने खरवडला की टणक पापुद्रे निघतात. रिसॉर्टला बोअरचं पाणी होतं, आमच्याकडेही बोअरच.

काका, आकडे असे. एलिमेंट १०.६ ओहम. मीटरपेटीपाशी २१८ व्होल्ट, टबापाशी हीटर चालू असताना १९६. वायर अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची, मीटरपासून ६० मीटर.

वायरमन_काका_निवृत्त

शाब्बास, सगळं स्वच्छ कळलं.

१०.६ ओहम म्हणजे २४० व्होल्टला साडेपाच किलोवॅटच्या जवळपास. एलिमेंट ठणठणीत आहे, बदलू नका. फक्त एलिमेंट ते नळीचं धातू असं मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, गळती नसावी. पण त्या एलिमेंटला १९६ व्होल्ट मिळतात तेव्हा तो ३.६ किलोवॅटच देतो. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते.

आता हिशोब. १००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. तुमचं १५०० लिटर २० वरून ३८ ला न्यायला ३१ युनिट, हवेत जाणारी उष्णता धरलीच नाही. साडेतीन किलोवॅटने साडेआठ-नऊ तास, तेही हीटर अखंड चालला तर. तुमचा तर दर काही मिनिटांनी सुटतोय, आणि उघड्या टबावरून वाफ जातेय. ते पाणी २८ वर अडकणारच.

अडीचची वायर ६० मीटर, जाऊन-येऊन १२०, त्यात वीसेक अँपिअर. १९ व्होल्ट त्या वायरीतच जिरतात, उरलेले कुठल्या तरी सैल सांध्यात. तो सांधा हाताला गरम लागत असेल, आधी तो शोधा, आगीचं मूळ तिथे असतं. अडीचच्या वायरवर हा लोड ठेवूच नये. सहा टाकली तर आठ-नऊ व्होल्ट पडतील, दहा टाकली तर पाच. माझं ऐकाल तर दहा टाका.

आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे का? ३० मिलिअँपिअरचा? त्याचा उल्लेख आला नाही.

गिरणारे_रोड

एमसीबी आहे, आरसीसीबी नाही. "मळ्यात सारखा पडतो" म्हणून बसवला नव्हता.

वायरमन_काका_निवृत्त

आरसीसीबी बसेपर्यंत वडिलांना त्या पाण्यात उतरवू नका. हे विनंती म्हणून नाही, वडीलधारा म्हणून सांगतोय. तो पडत असेल तर कुठेतरी गळती आहे म्हणून पडतो, गळती शोधा. अर्थिंगचा खड्डाही नवा करून घ्या, उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

पांडवलेणी

+१०० काकांना. आमच्या ओळखीत गिझरच्या शॉकने माणूस गेलाय. बाकी सगळं नंतर.

कॉइल_सातपूर

काका, तुमच्या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात आली, लिहितो, कारण यात गिरणारेदादांची मोटर जाऊ शकते.

२४० ला ६० ने भागा, ४ येतात. मोटरचं लोखंड त्या प्रमाणाला बनवलेलं आहे. इथे ५० हर्ट्झवर तिला २०० व्होल्ट मिळाले तर २०० भागिले ५०, पुन्हा ४. म्हणजे खराब वायरमुळे व्होल्टेज १९६ ला पडत होतं, म्हणूनच मोटर आजवर थंड राहिली! दहाची केबल टाकली, रात्री लोड कमी झाला आणि २३०-२३५ आले, की प्रमाण ४.६ वर जातं. लोखंड संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, मोटर नुसता करंट ओढते, गुणगुणते आणि तापते. फेरे कमी म्हणून पाण्याचा भार कमी असतो, त्यामुळे लगेच जळणार नाही. पण रात्र-रात्र फिल्टरसाठी चालणाऱ्या मोटरचं वार्निश त्यात भाजून निघतं.

तेव्हा केबल आणि पंप एकदमच बदला. केबल आधी नि पंप 'बघू पुढच्या वर्षी' असं नको.

अंबड_फिटर

व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र) लावून ६० हर्ट्झ करता येणार नाही का? आमच्या कंपनीत सगळीकडे आहेत.

कॉइल_सातपूर

तुमच्या कंपनीत मोटरी थ्री फेज आहेत. ही सिंगल फेज, कपॅसिटरवाली, त्यात दोन स्पीडची. व्हीएफडीवर तिचा कपॅसिटर टिकत नाही. प्रश्न चांगला होता, पण इथे नाही चालणार.

द्राक्षबाग_दिंडोरी

मग आपला साधा एक एचपीचा मोनोब्लॉक का नको? घरात पडून असतो सगळ्यांच्या.

तरणतलाव

मोनोब्लॉक उंच चढवायला बनवलेला असतो, दाब जास्त, पाणी कमी. टबाला उलट लागतं, उंची जवळजवळ नाही आणि पाणी भरपूर. शिवाय बिडाची बॉडी क्लोरीनच्या गरम पाण्यात गंजते, ते गंजाचं पाणी एलिमेंटवर बसतं. ५० हर्ट्झचा स्पा पंपच घ्या, दोन स्पीडचा, जुन्या कंट्रोलरला तोच जुळेल.

क्षारासाठी सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण करून एलिमेंट त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की मऊ ब्रश. फरशी धुवायचं ॲसिड अजिबात नको, त्याने स्टीलला बारीक छिद्रं पडतात आणि मग खरोखरच हीटर जातो. शक्य असेल तर पुढचं भरणं बोअरऐवजी धरणाच्या पाण्याच्या टँकरने करा.

आणि जुना टब आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं: पाइपांच्या आत बुळबुळीत थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. लिजिओनेलासारखे जंतू २० ते ४५ अंशांत, अशाच थरात वाढतात आणि जेटच्या तुषारांतून छातीत जातात. तुमचं पाणी २४-२८ वर पडून आहे. पाइप साफ करायचं केमिकल घालून जेट चालवा, पाणी पूर्ण काढा, पुन्हा भरून भरपूर क्लोरीनचा डोस द्या, मगच वापर.

फिजिओ_इंदिरानगर

वडिलांच्या वयाला ३८-३९ चा हट्ट धरू नका. पाण्यातल्या व्यायामासाठी ३३ ते ३६ पुरेसं असतं, ४० च्या वर तर कुणीच जाऊ नये. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला दहा मिनिटं. बाहेर येताना सावकाश, कडेला बसून मग उभं राहायचं, कारण गरम पाण्यातून उठताना बीपी उतरतं आणि घेरी येते. कुणीतरी शेजारी असायलाच हवं.

वायरमन_काका_निवृत्त

बघा, ३६ म्हटल्यावर ३१ युनिटचे २८ झाले. आणि घरावर सोलर वॉटर हीटर असेल तर तिथूनच सुरुवात करा. ३०० लिटर ६० अंशांचं आणि १२०० लिटर २० अंशांचं मिसळलं की १५०० लिटर २८ वर येतं. आत्ता तुमचा हीटर जिथे जाऊन थांबतोय तिथून त्याची सुरुवात होईल. १४ युनिट वाचली.

निफाडचा_गारठा

काका, म्हणजे माझा बंबसुद्धा हिशोबात बसतो!

वायरमन_काका_निवृत्त

बसतो की. दोन-चार बंब ओतलेत तर मी हिशोब करून देतो.

गिरणारे_रोड

उशिरा कळवतोय, कामं एकामागून एक होत गेली.

दहा स्क्वेअरची केबल टाकली. गरम सांधा मीटरपेटीतच सापडला, वायरीचं प्लास्टिक तपकिरी होऊन चिरलं होतं. अर्थिंगचा नवा खड्डा केला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. पहिल्या दिवशी तो पडला. काकांनी सांगितल्याप्रमाणे एकेक भाग काढून पाहिला, टबातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरलं होतं. दिवा काढून टाकला, त्यानंतर पडलेला नाही. हीटर मेगरवर पास.

पुण्याहून ५० हर्ट्झचा दोन स्पीडचा पंप मागवला. पाइप जुळवायला प्लंबरला बरीच खटपट करावी लागली. लो स्पीडवर लावला, प्रेशर स्विच जुळल्याचा टक् असा आवाज आला, हीटरचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. एफएलओ नाही. टबापाशी आता २२५ व्होल्ट असतात, कव्हर झाकून पाणी तासाला साधारण अडीच अंशांनी चढतं. पाइप धुतले तेव्हा जेटमधून काळपट पापुद्रे आले, ते पाहून तरणतलाव यांचे आभार कसे मानावे कळेना.

डॉक्टरांनी परवानगी दिली. वडील सकाळी ३५ अंशांत बसतात, मी शेजारी. पाय पूर्ण सरळ होतो आता पाण्यात. बाहेर आल्यावर दुखतं, पण काठी न धरता ओट्यावरून घरापर्यंत आले.

हीटर तोच आहे, जुना. एक शेवटचं विचारतो: ओझोनेटर २३० चा मिळतो का, की राहू देऊ?

तरणतलाव

राहू द्या, क्लोरीन नियमित ठेवलं तर अडत नाही. पण त्याची पातळ नळी तशीच लटकत ठेवू नका. तिच्यातला चेक व्हॉल्व कडक झाला की पाणी उलटं चढतं आणि खाली बोर्डावर ठिबकतं. नळी हाताने चाचपून बघा.

गिरणारे_रोड

बघितली, आतून ओली आहे. मेन बंद केलंय, टोक आत्ताच बंद करून टाकतो.